धनीराम कसाराचा हलका गोळा

या, असे जवळ सरकून बसा. लांब बसलेल्या माणसाला कीर्तनात नुसता खोकला ऐकू येतो आणि घरी जाऊन तो सांगतो की बुवांचा आवाज बसला होता. तशी माणसं मला या गोष्टीला नकोत. गोष्ट एका गोळ्याची आहे. बर्फाच्या नाही, पोटातल्याही नाही. धडधाकट माणसं मैदानावर जाऊन जो फेकतात आणि मग स्वतःच चालत जाऊन परत उचलून आणतात, त्या लोखंडी गोळ्याची. या उद्योगातून काय मिळतं ते बारा वर्षं फेकूनही मला कळलं नाही. पण गोष्ट ऐकून तुमचं काही नुकसान होणार नाही, एवढा शब्द देतो.

ब्याऐंशी साली मी तुमसरच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. दर मार्चमध्ये भंडाऱ्याला आमच्या खात्याच्या क्रीडास्पर्धा होत. मार्चमध्येच का, तर क्रीडा या नावाखाली आलेला निधी एकतीस तारखेच्या आत संपवावा लागे म्हणून. वर्षभर खुर्चीत बसून ज्यांचे गुडघे धरले आहेत अशी माणसं भर उन्हात शंभर मीटर धावत आणि सरकारी निधी मार्गी लागे. माझ्याकडे गोळा होता. नोकरीला लागलो त्या वर्षी कार्यालयात तांदळाचं एक पोतं आलं, ते मी एकट्यानं आत नेऊन ठेवलं, एवढंच त्याचं कारण. दुसऱ्या दिवशी माझं नाव 'गोळाफेक' या रकान्यात लिहिलेलं होतं. सरकारी रकान्यात गेलेलं नाव बाहेर काढणं माणसाच्या हातात नसतं. बारा वर्षं मी गोळा फेकला आणि बारा वर्षं तिसरा आलो. फेकणारे तिघेच होतो.

माझी खरी विद्या वेगळी होती. आंबागडला किल्ल्याखालच्या देवळात रामनवमीला गोमाजीबुवांचं कीर्तन असे आणि त्यांच्या मागं उभं राहून झांज धरायचा मान एकोणीस वर्षं माझा होता. झांज हे लोकांना सोपं काम वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा उत्तररंगात अर्धा तास ती धरून पाहावी. बुवा कथेच्या भरात ताल सोडून पुढं निघून जातात, पेटीवाला भांबावतो, तबलजी त्याच्याकडे पाहतो, आणि अशा वेळी बुवांना हळूच हाताला धरून घरी आणायचं काम झांजवाला करतो. श्रोत्यांना यातलं काही कळत नाही. ते सुंठवड्याकडे डोळे लावून असतात.

त्या वर्षी माघात मी आंबागडला गेलो तेव्हा बुवा खाटेवर बसून घोंगडीला गाठी मारत होते. ऐंशी वर्षं झाली होती त्यांना. म्हणाले, "भोजराज, यंदाची रामनवमी माही आखरी. आता मी पुढं जातो अन् गळा मांगं राहून जाते. झांज तूच धरजो बापा. दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तं मी रस्ता चुकीन."

मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. आणि पंधरा दिवसांत माझं उजवं मनगट गेलं.

गोळाफेकीचा सराव करताना एका संध्याकाळी मनगटात काहीतरी कटकन वाजलं. दुसऱ्या दिवशी चहाची बशी उचलवेना. चंद्रकलेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ते पाहिलं आणि आधी बशी वाचवली.

"कायले फेकता तो गोळा?" ती म्हणाली. "घरात ठेवला तं काय चावते का तो तुमाले?"

बातमी शेजारी भैय्याजीला कळली. भैय्याजी हा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो, हे माझं प्रारब्ध आहे. त्यानं तीन दिवसांत सात उपाय सांगितले. मोहाच्या बियांचं तेल लावा. हळद-चुना बांधा. तांब्याचं कडं घाला. कुणीतरी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस गाठून त्याचा पाय मनगटावर ठेवून घ्या. मी तेल लावलं, चुना बांधला, कडं घातलं आणि पायाळू म्हणून एका म्हाताऱ्याचा पायही ठेवून घेतला. तो पायाळू नव्हता, नुसताच वजनदार होता, हे नंतर कळलं. सातवा उपाय सांगताना भैय्याजीच्या पोटातलं ओठांवर आलं.

"भोजराजभाऊ, खरं सांगू का? यंदा झांज मले देऊन टाका. तुमचा हात बरा होते अन् बुवाची सोय होते."

या भैय्याजीनं नागपूरहून झांजांची नवी जोडी आणून वर्षभर कुलपात ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. त्याला ताल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आरतीत तो टाळ्या वाजवायचा तेव्हा देवसुद्धा दचकत असावेत. मी म्हणालो, "हात तुटून पडला तरी चालेल."

हात वाचवायचा तर गोळा सोडायला हवा. मी साहेबांकडे गेलो. साहेब आमच्याकडे नवे होते आणि त्यांना आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवायला एक ढाल हवी होती.

"भोजराजजी, रामनवमीच्या सप्ताहात तुम्हाला चार दिवस रजा हवी आहे ना?" साहेब म्हणाले. "गोळा फेका, रजा घ्या. नाही फेकला तर नाही."

झालं. फेकला तर झांज धरायला हात नाही, न फेकला तर झांज धरायला जायला रजा नाही. दोन रात्री तळमळलो, आणि तिसऱ्या दिवशी मी तेच केलं जे लिपिक संकटात करतो. जुनी परिपत्रकं उपसली. आणि सापडलं! 'पंचेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यास वैद्यकीय कारणास्तव चार किलोचा गोळा वापरण्याची मुभा राहील. मात्र गोळ्याचा आकार भांडारातील मंजूर नमुन्याबरहुकूम असावा.' मला पंचेचाळीस नुकतीच पूर्ण झाली होती आणि आमचा नेहमीचा गोळा होता सव्वासात किलोचा. हे परिपत्रक ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात ना गोळा पाहिला होता ना पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

वैद्यकीय दाखल्यासाठी गेलो. डॉक्टरांना मनगट दाखवलं, त्यांनी जीभ पाहिली आणि लिहून दिलं. मग आमचे भांडारपाल श्यामराव. या गृहस्थाला भांडारातली एकही वस्तू वापरली गेलेली आवडत नसे.

"हलका गोळा पाहिजे?" श्यामराव चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "देऊ ना. पहिले जुना बाद करा लागते. जुना फुटला का?"

"लोखंडाचा गोळा फुटेल कसा?"

"झिजला का?"

"गोळा नाही झिजला, माझं मनगट झिजलं."

"तुमचं मनगट आपल्या नोंदवहीत नाही," श्यामराव शांतपणे म्हणाले. "नोंदवहीत असतं तं बाद करून दुसरं मागवलं असतं."

शेवटी त्यांनी एक वाट दाखवली. गोळा मी स्वतः करून आणावा, आणि आकारासाठी नमुना म्हणून जुना गोळा सही करून न्यावा. अशा रीतीनं, मनगट दुखतं म्हणून हलका गोळा मागायला गेलेला मी, सव्वासात किलोचा गोळा पिशवीत घालून भंडाऱ्याच्या एसटीत बसलो.

मोहाडीच्या अलीकडे गाडीला हिसका बसला, पिशवीचा तळ फाटला आणि गोळा मागच्या बाकापासून पुढं निघाला. एकेका बाकावरची माणसं पाय वर घेत गेली. एका बाईनं कोंबडीची टोपली वर उचलली. कंडक्टरनं बूट आडवा लावून गोळा थांबवला आणि मग बराच वेळ तो एका पायावर उभा होता.

"हे काय होय?"

"शासकीय नमुना," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच त्या नमुन्यात धरलं असावं.

भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवणाऱ्या कसारांच्या गल्लीत धनीरामचं दुकान होतं. आमच्या घरातली घागर, गुंड, तांब्या, सगळं त्याच्याच हातचं. साठीचा माणूस, बोलणं कमी, हातोडीचा आवाज जास्त. मी गोळा पुढं ठेवला. त्यानं तो मांडीवर घेतला, लेकराला पाहावं तसा चारी बाजूंनी पाहिला, बोटाच्या पेरांनी घेर मोजला.

"यात किती पाणी राहीन?" त्यानं विचारलं.

"पाणी नाही ठेवायचं. फेकायचा आहे."

"करून फेकायचा?" धनीरामनं हातोडी खाली ठेवली. "मंग करता कायले?"

बारा वर्षांत खात्यातल्या एकाही माणसाला हा प्रश्न पडला नव्हता. मी त्याला सगळी हकिकत सांगितली. गोळाफेकीत त्याला रस नव्हता, पण गोमाजीबुवांचं नाव निघताच तो सरसावून बसला. तरुणपणी त्यानं त्यांचं एक कीर्तन भंडाऱ्यात उभ्यानं ऐकलं होतं. म्हणाला, "त्या बुवासाठी म्हणता तं करून देतो."

त्याचा हिशेब असा होता: पितळेच्या दोन वाट्या घडवायच्या, तोंडाला तोंड लावून झाळायच्या, सांध्याला पक्का डाग द्यायचा, म्हणजे आकार अगदी नमुन्यासारखा आणि आतून पोकळ. पण तो फार हलका भरत होता. आत काहीतरी वजनदार घालायला हवं होतं. इथं माझी बुद्धी चालली. ती चालली नसती तर बरं झालं असतं. माझा साळा नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीवर होता. त्याच्याकडून मी पिशवीभर काळी चुरी आणून दिली. शिशासारखी जड, काजळासारखी काळी.

गोळा घ्यायला गेलो तेव्हा वरून काळा रंग देऊन तयार होता. चार किलो बरोब्बर. हातात घेतला आणि मनगटानं मला आशीर्वाद द्यावा तसं वाटलं. कानाशी हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.

"धनीराम, आत आणखी काय आहे?"

"मूठभर तांदूळ अन् एक सुपारी."

"कशाला?"

"आमी रिकामं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. माह्या बापानं देलं नाही, म्याही देलं नाही."

"अरे, पण हे भांडं नाही, गोळा आहे!"

"आत पोकळ आहे ना? मंग भांडंच झालं," धनीराम म्हणाला आणि हातोडी उचलून दुसऱ्या कामाला लागला. मी गोळ्याला नमस्कार केला आणि घेऊन आलो.

स्पर्धेचा दिवस, रामनवमी तीन दिवसांवर. श्यामरावांनी गोळा दोरीनं मोजला, तराजूत घातला, नोंदवहीत चढवला आणि दाखल्यावर शिक्का मारला. प्रमुख पाहुणे खात्याचे फार वरचे अधिकारी होते. पांढराशुभ्र सफारी घालून आले होते. ऊन होतं म्हणून त्यांच्यासाठी मैदानातच छत्री आणि खुर्ची मांडली. "आमचे लोक नऊ मीटरच्या पुढं कधी गेलेले नाहीत," असं आमच्या साहेबांनीच त्यांना सांगून खुर्ची तेरा मीटरवर ठेवली होती. आमच्यावर साहेबांचा केवढा विश्वास!

पहिल्या दोघांनी आपापले सहा-सात मीटर केले. मग मी. प्रेक्षकांत पार मागं धनीराम उभा दिसला. आपला माल कसा चालतो ते पाहायला आला होता. मी रामाचं नाव घेतलं, पायाचा अंगठा जमिनीत रोवला आणि फेकला. आणि काय सांगू! बारा वर्षं सव्वासात किलो ढकललेला हात, त्याच्या निम्म्याच्या आसपास वजन. गोळा निघाला तो पाखरासारखा निघाला. नऊ मीटर ओलांडले, दहा ओलांडले. साहेब टाळ्या वाजवायला उठले. बाराव्या मीटरला चुन्याची रेघ आखण्यासाठी एक दगड रोवला होता. गोळा नेमका त्याच्यावर पडला.

टण्णण्ण!

असा गोड आवाज मी देवळाबाहेर कधी ऐकला नाही. मैदानावरच्या दोन-तीन बायांनी सवयीनं हात जोडले. डाग सुटला, गोळ्याच्या दोन वाट्या झाल्या, काळ्या चुरीचा ढग उठला आणि खुर्चीवर जाऊन बसला. ढग विरला तेव्हा प्रमुख पाहुणे काळे झाले होते आणि त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर पांढरे तांदूळ चमकत होते. सुपारी थेट त्यांच्या ओंजळीत पडली होती. लग्नाला उभा राहिलेला माणूसही इतका पूर्ण दिसत नाही.

एक वाटी दगडाशीच पडली होती आणि दुसरी चाकासारखी गडगडत अठरा मीटरवर जाऊन, स्वतःभोवती फिरत, अजून वाजत होती. मग वाद सुरू झाला. पाहुण्यांचं तोंड पुसायचं सोडून पंच भांडू लागले. आमच्या बाजूचे म्हणाले, दूरची वाटी मोजा. विरुद्ध बाजूचे म्हणाले, जवळची. एका विद्वानानं दोन्ही मोजून निम्मे करा, असं सुचवलं. शेवटी प्रकरण मार्गदर्शनासाठी वर पाठवायचं ठरलं. वर म्हणजे ज्यांच्या डोक्यावर तांदूळ होते त्यांच्याचकडे.

आमचे साहेब माझ्याकडे आले. "चार दिवस," ते म्हणाले, "चार दिवस मला कार्यालयात तोंड दाखवू नका!"

पण बारा वर्षांची लिपिकी अंगात होती. मी म्हणालो, "साहेब, लेखी द्या." रागाच्या भरात त्यांनी तिथंच स्पर्धेच्या पत्रिकेमागं लिहून सही केली. जी रजा अर्ज करून मिळत नव्हती ती शिव्या खाऊन मिळाली.

धनीराम गर्दीतून पुढं आला. कुणाकडे न पाहता त्यानं दोन्ही वाट्या उचलल्या, धोतराच्या सोग्यात घेतल्या आणि खाली मान घालून निघून गेला. मला फार वाईट वाटलं. पण हाक मारताना हात वर करायला गेलो तर तो उचलेना. आनंदाच्या भरात इतक्या जोरानं फेकलं होतं की मनगट वांग्यासारखं सुजलं होतं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, तेच गेलं.

रामनवमीला आंबागडला पोचलो तो हात गळ्यात बांधून. भैय्याजी माझ्याआधी हजर. नवीकोरी झांज, मखमली पिशवी, कपाळाला गंध. "तुमी आराम करा भाऊ," तो इतक्या प्रेमानं म्हणाला की माझं डोकं दुखायला लागलं. मी तरी देवळातल्या जुन्या झांजा उचलून पाहिल्या. चांगल्या वजनी, जुन्या काळच्या. तिसऱ्या ठोक्याला हातातून गळून पडल्या. बुवांनी ते पाहिलं आणि उपरणं सारखं केलं.

पूर्वरंग भैय्याजीनं वाजवला. वाजवला म्हणजे काय, तर बुवा एकीकडे आणि भैय्याजी दुसरीकडे, दोघंही आपापल्या वाटेनं देवाकडे निघाले होते. बुवा दोनदा अडखळले. एकदा चरण विसरून थांबले आणि मागं वळून माझी नेहमीची जागा पाहिली. ऐंशी वर्षांच्या माणसाची ती नजर मला सोसेना. मी खांबाकडे तोंड फिरवलं.

तर खांबाशी धनीराम उभा. पायभर धूळ. आंबागडच्या फाट्यापासून चालत आला होता. पूर्वरंग संपून बुवांना बुक्का लावणं, हार घालणं चाललं होतं. त्यानं फडकं सोडलं. आत झांजांची जोडी होती. त्याच दोन वाट्या! काठ ठोकून पसरवलेले, मधोमध भोक, त्यात सुती दोरी.

"माहा डाग सुटला," धनीराम जमिनीकडे पाहत म्हणाला. "तीस वर्षांत सुटला नव्हता. पण पडली तवा आवाज ऐकला ना तुमी? मी म्हटलं, हे पितळ फेकायचं नाही, वाजवायचं होय. धरून पाहा. हलकी केली हाय, डाव्या हातानंही वाजन."

मी धरली. फुलासारखी. सुजलेल्या उजव्या हातात नुसती टेकवली आणि डाव्यानं वाजवली. देवळात बसलेल्यांनी माना वर केल्या. तोच आवाज, मैदानावरचा.

बुवा वळले. कान हलला त्यांचा. म्हणाले, "भैय्याजी, तुमी थकले असान. सुंठवड्याच्या परातीजवळ बसा, माश्या येऊन राहिल्या." भैय्याजी मखमली पिशवी घेऊन परातीजवळ बसला. ते काम त्यानं खरोखर चांगलं केलं, हे मी कबूल करतो.

आणि मग उत्तररंग झाला. काय वर्णन करू? बुवांचा गळा जिथं संपे तिथून झांज त्यांना पुढं नेई, आणि झांज जिथं कमी पडे तिथं बुवा. एकदाही रस्ता चुकले नाहीत. बरोबर बाराला गुलाल उधळला, पाळणा हलला, आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून रडले. मग विचारलं, "कोणाची हाय झांज?" मी खांबाकडे बोट केलं. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि धनीरामच्या गळ्यात घातला. धनीराम इतका बावरला की हार घालूनच परातीखालची सतरंजी झटकू लागला.

बुवा पुढच्या वर्षी गेले. पाठोपाठ घरोघरी स्टीलची भांडी आली, कसारांच्या गल्लीतल्या हातोड्या एकेक करून गप्प झाल्या, आणि एक दिवस धनीरामही गप्प झाला. श्यामराव मात्र निवृत्त होईपर्यंत मला दर मार्चला लिहीत राहिले, 'फुटलेल्या गोळ्याचे दोन्ही अर्धभाग भांडारात जमा करावेत.' मी दर वेळी एकच उत्तर दिलं: 'सदर वस्तू वापरात आहे.'

अजून आहे. मनगट आता बरं आहे, वय नाही. तेव्हा माझी तुम्हाला एवढीच विनवणी. कधी कुठं कीर्तनाला बसाल, बुवा जयजयकाराला येतील, झांज वाजेल, तेव्हा सगळ्या संतांची नावं घेऊन झाली की मनातल्या मनात आणखी एक नाव घ्या. भंडाऱ्याचा धनीराम कसार. त्यानं कुणाच्या हातात रिकामं भांडं दिलं नाही.